तिच्या डोक्यावर ठेवलेला हात

आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या तरण्या पोरी कधीमधी मला विचारतात, "ताई, देवाचा आवाज कोणता आणि आपल्या मनाचा कोणता, हे ओळखायचं कसं?" त्यांच्या आया विचारत नाहीत, कारण त्यांना माझी हकीकत माहीत आहे. पोरींना वाटतं, इतकी वर्षं उपास-प्रार्थना करणाऱ्या बाईकडं याची काहीतरी युक्ती असणार. मी म्हणते, "आधी चहा टाका." चहा उकळेपर्यंत मला जरा धीर गोळा करता येतो. कारण माझ्याकडं जे उत्तर आहे, ते माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या चुकीतून आलंय, आणि ती चूक सांगताना अजूनही माझे कान गरम होतात.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. तेव्हा हिंगोली जिल्हा व्हायचा होता, आम्ही परभणीतच मोडायचो. जवळा बाजारपासून पाऊण तास पायी चाललं की आमचं गाव. गावात ख्रिस्ती घरं चौदा, आणि गावाच्या कडेला पत्र्याचं एक प्रार्थनाघर. रविवारी उपासना, शुक्रवारी दुपारी बायकांची उपास-प्रार्थना. मी शिलाई मशीन चालवायची. ब्लाऊज, परकर, पोरींचे फ्रॉक. कामाला मी पक्की आणि जिभेला त्याहून पक्की. माझी आई म्हणायची, हिचं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. ती मला नीट ओळखून होती.

आता माझं नाव कसं झालं ते सांगते. एकदा बाहेरगावाहून एक प्रचारक आला. उंचापुरा माणूस, आवाज असा की वरचे पत्रे थरथरावेत. तो म्हणाला, बायकांसाठी एकेकीची वेगळी प्रार्थना घेतो, दार लावून. मी उठले आणि म्हणाले, "दार लावायचं असंल तर आमी समद्या बाहेर बसतो, तुमी आत एकटेच प्रार्थना करा." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तो दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं गेला. पुढं कळलं, दोन गावांतून त्याला असंच वाटेला लावलं होतं. लगेच मंडळीत बोलणं सुरू झालं, हिला आत्मे ओळखता येतात.

मग दुसरी गोष्ट झाली. आमच्यातली एक बहीण ब्लाऊज टाकायला आली. माप घेतलं तर छाती वर्षात दोन इंच उतरलेली, आणि पोट तेवढंच पुढं आलेलं. गालाची हाडं वर. मी म्हणाले, "ब्लाऊज राहू दे, दवाखान्यात जा. आजच जा." पोटात गाठ निघाली, नांदेडला ऑपरेशन झालं, बाई वाचली. तिनं रविवारी उभं राहून साक्ष दिली की प्रभूनं ताईला दाखवलं. खरं तर मापाच्या टेपनं दाखवलं होतं. पण भरल्या मंडळीत टेपचं नाव कोण घेणार? मी मान खाली घालून गप्प बसले. त्या गप्प बसण्याला एक गोड चव होती, आणि ती मला लागली.

पुढं दोन-तीन वर्षं मी हरभऱ्याच्या झाडावरून काही उतरले नाही. कुणाला स्वप्न पडलं, कुणाच्या पोरीला स्थळ आलं, कुणाच्या घरात रोज भांडण, की बायका माझ्याकडं यायच्या. मी डोळे मिटायची. जरा थांबायची. किती थांबलं की बोलण्याला वजन येतं, ते मला आपोआप कळलं होतं. मग सांगायची. निम्मं खरं निघायचं आणि उरलेलं निम्मं लोक विसरून जायचे. मीही विसरायची. वाईट इतकंच की पूर्वी मी माणसाकडं बघून सांगत होते, आणि आता डोळे मिटून सांगायला लागले होते.

गावापासून कोसभर अंतरावर लमाणांचा तांडा होता. तिथली एक तरणी बाई त्या पावसाळ्यापासून शुक्रवारच्या प्रार्थनेला यायला लागली. कुणी बोलावलं नव्हतं. कापूस निंदायला आमच्या बायकांबरोबर रोजानं जायची, तिथून मागं मागं आली असावी. दाराशी बसायची, दहा महिन्यांचं लेकरू मांडीवर. गाणी म्हणायची नाही, प्रार्थनेत तोंड उघडायची नाही. निघताना आम्ही सगळ्या एकमेकींना "सलाम" करायचो, तर तीसुद्धा हळूच कपाळाला हात लावून "सलाम" म्हणायची. तिच्याशी याहून जास्त कुणी बोललेलं मला आठवत नाही.

कापूस फुटला होता त्या दिवसांतला तो शुक्रवार. गाणं झालं, आणि मी नेहमीसारखी बोलायला उभी राहिले. प्रभू आता इथं आपल्यामध्ये आलाय, आपल्यात बसलाय, असं मी म्हणाले. हे वाक्य मी दर शुक्रवारी म्हणायची. इतक्यात दाराकडून आवाज आला. त्या बाईनं लेकरू शेजारणीकडं सरकवलं होतं आणि दाराचा लाकडी खांब दोन्ही हातांनी कवटाळला होता. ती डुलत होती. तिच्या तोंडून एक लांबलचक सूर निघत होता, वर चढायचा, थरथरायचा, आणि शेवटी हुंदक्यात कोसळायचा. परत वर चढायचा. शब्द होते, पण तांड्याच्या बोलीतले, आम्हाला एकही कळेना. डोळ्यांतून धारा. अंगावर काटा येईल असा तो आवाज होता, आणि आमच्या अंगावर आला.

सगळ्या बायकांनी माझ्याकडं बघितलं.

मी डोळे मिटले. या वेळी थांबलेसुद्धा नाही. पुढं झाले, तिच्या डोक्यावर हात दाबला आणि ओरडले, "दुष्ट आत्म्या, निघ! ह्या घरातून निघ!" बायकांनीही मागून आवाज चढवला. ती एकदम गप्प झाली. खांब सोडला, खाली बसली आणि माझ्याकडं बघत राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते. आम्ही म्हणालो, सुटली. हालेलूया म्हणून टाळ्या वाजवल्या. तिनं लेकरू उचललं आणि सलाम न करता निघून गेली. मी घरी जाऊन पोटभर जेवले, तेही सांगून टाकते.

पुढच्या बुधवारी तिची सासू माझ्या दारात उभी राहिली. आरशांची जुनी चोळी, दंडभर बांगड्या, पायांना फुफाटा. म्हातारी कजाग नव्हती, घाबरलेली होती. थोरल्या लेकाकडची दोन नातवंडं तिनं आपल्या हातांनी मातीत घातली होती. आता घरात हे एकच लेकरू. आमच्या शुक्रवारची बातमी तांड्यात पोचली होती की खिरिस्ती बाईनं हिच्या अंगातलं भूत काढलं. त्या दिवसापासून लेकरू आईपासून काढून चुलतीकडं ठेवलं होतं. शेळीच्या दुधात कापडाचा बोळा बुडवून पाजत होते. आई पलीकडच्या खोपटात एकटी. तिला लेकराला हात लावायची बंदी.

म्हातारी म्हणाली, "बाई, तुला दिसतं म्हणत्यात. मला येवढंच सांग. समदं गेलं का अजून हाये? तू गेलं म्हणलीस तर लेकरू देते तिला. हाये म्हणलीस तर तिला माहेराकडं लावून देते, लेकरू आमच्यापाशी राहील."

माझ्या एका शब्दावर एका आईचं दूध अडलं होतं. सोपा रस्ता समोरच होता. "गेलं समदं" म्हणायचं. लेकरू आईला मिळालं असतं, माझं नावही राहिलं असतं, उलट वाढलं असतं. मी तोंड उघडलंसुद्धा. पण मला आतून कळलं की "गेलं" म्हणणं म्हणजे "होतं" म्हणणं. उद्या ते लेकरू खोकललं, म्हैस आटली, की सगळे हिच्याकडं बघणार, परत आलं म्हणून. आणि होतं की नव्हतं, हे मला माहीतच नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. मी म्हणाले, "याडी, मला शुक्रवारपर्यंत टाईम दे." त्यांच्यात आईला याडी म्हणतात. ती आली तशी गेली.

मी उपास धरला. गुडघ्यांवर बसले. इतकी वर्षं मागताक्षणी उत्तरं देणारं माझं मन त्या रात्रीपासून विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये तसं झालं. मला रडू आलं, आणि ते भीतीचं रडू होतं.

गुरुवारी मी मावशीकडं गेले. मावशी म्हणजे आमच्याकडची जुनी बायबलबाई. खांद्याला झोळी लावून तिनं तीस वर्षं गावोगाव पायी फिरून बायकांना वचन वाचून दाखवलेलं. मोतीबिंदूनं डोळे गेले होते, घरात बसून हातानं चाचपत लसूण सोलायची. मी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "मावशी, तिच्यात काय होतं ते प्रभू मला दाखवंना. कालपासून पोटात अन्न न्हाई. तुमी तरी सांगा."

मावशीनं विचारलं, "ती कोण्या बोलीत बोलत होती?"

"तांड्याच्या."

"तुला येती?"

"न्हाई."

"मंग तुला काय समजलं?"

"आवाजावरून वाटलं..."

"आवाजावरून." मावशीनं एक पाकळी सोलून ताटलीत टाकली. "देवाला विचारलंस. मला विचारून राहिलीस. तिला काहून न्हाई विचारलं?"

मी म्हणाले, "मावशी, तिला कसं कळंल?"

मावशी हसली. दात नव्हते, पण तिचं हसणं अजून चावायचं. "व्हय गं पोरी. तिचं दुखणं तिला न्हाई कळणार आणि तुला कळंल. लई मोठी झालीस. प्रभूकडं आंधळे आले तरी तो इचारायचा, काय पायजे म्हणून. त्येला दिसत नव्हतं का? तरी इचारायचा."

घरी जाताना मला माझी कात्री आठवली. साध्या परकराच्या कापडालाही कात्री लावण्याआधी मी दोनदा माप घेते. त्या बाईच्या बाबतीत मी एकदाही घेतलं नव्हतं. इतकी साधी गोष्ट, आणि ती मला एका आंधळ्या म्हातारीनं सांगावी लागली.

शुक्रवारी प्रार्थनेच्या वेळी मी प्रार्थनाघरात गेले नाही. ती बाई ज्या शेतात कापूस वेचत होती तिथं गेले. पदराची ओटी कमरेला खोचून ती कापसाच्या दोन ओळींमध्ये एकटीच होती. मला बघितल्याबरोबर मागं सरकली आणि पदर डोक्यावर घट्ट ओढला. मी परत ओरडेन असं तिला वाटलं असणार. पदर ओढला तेव्हा तिचा ब्लाऊज दिसला. दोन्ही बाजूंना ओले डाग, सुकून कडक झालेले, त्यांवर परत ओले. बायकांचे ब्लाऊज बघण्यातच माझा जन्म गेला. ते डाग वाचायला मला दर्शनाची गरज नव्हती. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच, मटकन बसले.

"लेकराचं दूध?" मी विचारलं.

"पिळून टाकते," ती म्हणाली. "न्हाई टाकलं तर आटल. मंग दिलं तरी काय पाजू?"

मी म्हणाले, "त्या दिवशी तू काय म्हणून राहिली होती? मला तुझी बोली येत न्हाई. मी तुला इचारायला पायजे होतं."

ती माझ्याकडं बघत राहिली. थट्टा करतेय का, हे बघत असावी. मग तीही दोन हात अंतर सोडून बसली आणि बोंडातली काडी काढत काढत सांगायला लागली.

"आमच्यात माहेरचं माणूस लई दिवसांनी भेटलं ना, की असंच रडत्यात. गळ्यात पडून, सुरात. त्यात समदं सांगावं लागतं. कोण मेलं, कोण जगलं, तू न्हवतास तवा कसे दिवस काढले. माझी याडी गेली औंदा. साखऱ्याकडं माहेर माझं. सांगावा उशिरा आला. मी पोचले तवा समदं होऊन गेलं होतं. बाप आधीच गेला, भाऊ न्हाई. घराला कुलूप. ज्येच्या गळ्यात पडून रडावं असं कोणी उरलं न्हाई, बाई. ते रडणं माझ्यापाशी तसंच राहिलं."

तिनं हातातला कापूस ओटीत टाकला.

"मंग त्या दिवशी तुमी म्हणल्या, तो आलाय. इथं आपल्यात बसलाय. तुमी दरवेळी म्हणता, पण त्या दिवशी मला वाटलं, खरंच आलाय. माझ्यासाठी आलाय. मंग रडावं लागतं ना. माहेरचं माणूस आलं आणि बाई रडली न्हाई, तर त्येला वाटतं, ही आपल्याला इसरली. खांब धरला मी. गळ्यात पडायला दुसरं काय होतं तिथं? माझ्या याडीचं सांगून राहिले होते त्येला."

मग तिनं अगदी सहज, तक्रार नसल्यासारखं म्हटलं, "तुमी निघ म्हणल्या. मंग मी गप झाले."

पायांतल्या चपला मी कधी काढून बाजूला ठेवल्या, मला आठवत नाही. त्या काळ्या, भेगाळलेल्या रानात मी उघड्या पायांनी बसले होते. तो आला, तो आला, असं मी वर्षानुवर्षं सांगत होते. चौदा घरांतल्या कुणाच्या डोळ्यांत त्यासाठी टिपूस आलं नव्हतं. माझ्याही नाही. त्या वाक्यावर खरा विश्वास ठेवणारी एकच बाई दाराशी बसलेली होती. ती त्याच्या गळ्यात पडली, आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला भूत म्हणाले. मला देवाची इतकी भीती त्याआधी कधी वाटली नव्हती. आणि सांगायला नवल वाटेल, इतका आनंदही कधी झाला नव्हता. तो खरंच आला होता. मी त्याला ओळखलं नाही, पण तो आला होता. मी धुऱ्यावर बसून ढसाढसा रडले. ती उठून जवळ आली आणि काय करावं न कळून माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"चल," मी म्हणाले, "तांड्यात जाऊ."

दुपार कलली होती. तांड्याचे प्रमुख, नाईक, लिंबाखालच्या ओट्यावर बसले होते. म्हातारी आली, शेजारपाजारच्या बायका आल्या, चुलती काखेत लेकरू घेऊन लांब उभी राहिली. वाटेनं मी बोलण्याची खूप जुळवाजुळव केली होती. ऐन वेळी त्यातलं एकही वाक्य तोंडाला आलं नाही.

"हिच्यात काही नव्हतं," मी म्हणाले. "गेलं असं न्हाई. कधी नव्हतंच. ती तिच्या मेलेल्या आईसाठी रडून राहिली होती, तुमच्यात रडतात तसं. मला ते कळलं न्हाई. चूक माझी हाये."

नाईकांनी चिलीम खाली ठेवली. "मंग वरडलीस काहून?"

"मला वाटलं, मला समजतं."

"आणि तुला दिसतं म्हणत्यात, ते?"

"मला काही दिसत न्हाई, नाईक. मी शिवणकाम करते."

कुणीतरी फिसकन हसलं. ही गोष्ट संध्याकाळपर्यंत आमच्या गावात पोचणार, रविवारी मंडळीत माझ्याकडं कोण कसं बघणार, हे सगळं मला तिथं उभं राहून दिसत होतं, आणि त्याचं मला काहीच वाटत नव्हतं. मी फक्त म्हातारीच्या तोंडाकडं बघत होते. ती आधी सुनेकडं वळली आणि त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. सुनेनं होकाराची मान डोलावली. म्हातारीनं परत विचारलं, या वेळी आवाज फुटलेला होता. मला एकच शब्द कळला, याडी. त्या सुनेनं आईच्या मरणावर सासरी एकदाही सूर काढला नव्हता, आणि तिला रडू द्यावं असं त्या घरातही कुणाच्या मनात आलं नव्हतं, हे मला पुढं कळलं. त्या क्षणी मला म्हातारीची हनुवटी हलताना दिसली, एवढंच.

मग तिचा राग माझ्यावर निघाला. "आठ दिस!" ती म्हणाली. "आठ दिस माझं लेकरू बोळ्यानं दूध पिऊन राहिलं. आठ दिस रात रात रडलं. तुझ्या एका बोलण्यापायी!"

ती खरं तेच बोलत होती.

ती तशीच तरातरा गेली आणि चुलतीच्या काखेतून लेकरू ओढून घेतलं. मला वाटलं, सुनेला देईल. सुनेनं हात पुढं केलेसुद्धा. पण म्हातारी तिला ओलांडून माझ्यासमोर आली आणि लेकरू माझ्या छातीशी दाबलं.

"तुझ्या तोंडानं गेलं," ती म्हणाली, "तुझ्या हातानं दे."

मी शेकडो लेकरं उचलली असतील. त्याच्याइतकं जड कुठलंच नव्हतं. ते कळकट झालं होतं, शेळीच्या दुधाचा आंबूस वास येत होता, आणि त्यानं माझ्या ब्लाऊजची कड मुठीत धरली. ती मूठ मला एकेक बोट उचलून सोडवावी लागली. तीन पावलांचं अंतर. मी ते चालले आणि लेकरू तिच्या हातांत दिलं. ती तिथंच जमिनीवर बसली आणि पदर ओढून घेतला. आधी लेकरू नुसतंच कुरकुरलं, तोंड फिरवलं. मग पदराआडून घुटक्यांचा आवाज आला, एक, मग दुसरा, मग सलग. माझे डोळे उघडे होते. मी ते मिटले नाहीत.

आता इथं माझं काय काम, असं वाटून मी जायला वळले. तेव्हा तिनं मान वर केली. चेहरा ओला होता. शेजारच्या जागेवरचा पाचोळा तिनं हातानं बाजूला सारला आणि म्हणाली, "कुठं निघाल्या? बसा की."

मी बसले.